चिमूट

रांगोळीची चिमूट. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. बारीक रेघ हवी असली की रांगोळी पहिल्या बोटाच्या कडेवरून सोडायची, अंगठ्याने हळूहळू पुढे सारत. हे कुणी शिकवत नाही, आईचा हात बघून येतं. दोन वर्षांपूर्वी गौरी आवाहनाच्या सकाळी मी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत गौरीची पावलं काढत होते. सातव्या पावलाची टाच झाली, बोटं टेकवायची होती, तेवढ्यात रांगोळी हातातून भसकन सांडली. पाहिलं तर चिमूट जुळलेली होती, पण अंगठ्याला बोट लागत नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं की लागलंय. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर येतो तसा जाडपणा ओठांच्या उजव्या कोपऱ्यात आला.

सातव्या पावलाला बोटं नव्हती. गौर त्यावरूनच घरात आली.

सुपारी. सून विचारत होती, "आई, विड्यावर काय ठेवायचं?" मला वस्तू दिसत होती. तिचा कठीणपणा, तपकिरी रेषा, अडकित्त्याचा आवाजसुद्धा. शब्द नव्हता. "ते… गोल… ते" एवढंच तोंडातून आलं. तिला वाटलं, मी घाईत आहे. बाहेरच्या खोलीत गणपतीची आरती चालू होती. आरती सुरू होताना बोट गेलं होतं आणि मंत्रपुष्प संपता संपता परत आलं. घड्याळ पाहिलं नाही, पण आमच्याकडे आरतीला बारा-पंधरा मिनिटं लागतात. प्रसाद वाटताना मी मोठ्याने म्हणाले, सुपारी. कुणाचं लक्ष नव्हतं.

"गेलं ना? मग झालं." नैवेद्य झाल्यावर ह्यांना सांगितलं तेव्हा हे असं म्हणाले. मीही तेच म्हणत होते. घरात पाहुणे होते, डोकं दुखत नव्हतं, चालता येत होतं. दुखलं असतं तर मी बसले असते. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी सणाच्या दिवशी कोण बसतं?

वारं जाणं. आजोळी एक नातलग होते, ओसरीवर बाजेवर पडून असत. त्यांच्या अंगावरून वारं गेलंय, असं सगळे म्हणत. लहानपणी मला वाटायचं, हे वारं कुठल्या दिशेने आलं असेल आणि नेमकं यांच्याच अंगावरून का गेलं? आता हा शब्दप्रयोग म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलाय. बाकीचे पॅरालिसिस म्हणतात, स्ट्रोक म्हणतात. वारं म्हटलं की माणसं तेल चोळत बसायची, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगायचं, आणि सकाळची संध्याकाळ व्हायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. एवढा वेळ तर आमच्याकडे कुणाला सांगावं हे ठरवण्यातच जातो. पण त्या जुन्या शब्दात एक खरं होतं. काहीतरी अंगावरून जातं, ते जाताना दिसत नाही, आणि गेल्यावर काय राहिलं तेवढंच हाती लागतं. माझ्यावरून गेली ती नुसती झुळूक. डॉक्टर तिला टीआयए म्हणतात, लोक मिनी-स्ट्रोक.

दोन दिवस. त्याच संध्याकाळी मुलाने ऐकलं नाही, एका दवाखान्यात नेलंच. सीटी स्कॅन झाला. काही आढळलं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली आणि ताण घेऊ नका म्हणाले. आम्हाला किती बरं वाटलं! सीटीत रक्तस्राव चटकन दिसतो. पण रक्त न पोचल्याने झालेली बारीक इजा पहिल्या काही तासांत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला पुढे कळलं. आणखीही कळलं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अशी झुळूक येऊन गेलेल्या शंभर माणसांपैकी दहांना तीन महिन्यांत मोठा झटका आला होता, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी 2007 साली दाखवून दिलं, की अशा माणसाला त्याच दिवशी तपासून लगेच औषधं सुरू केली तर हा धोका 80 टक्क्यांनी खाली येतो.

त्या दोन दिवसांत मी गौरीजेवणाच्या पोळ्या लाटल्या. पुरणाच्या, सत्तेचाळीस. लाटणं उजव्या हातात होतं.

चौथ्या दिवशी मुलीचा पुण्याहून फोन आला आणि तिला बोलता बोलता सांगितलं. ती फोनवर ओरडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या दिल्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही मिळून 21 दिवस. आणि एमआरआय लगेच करा म्हणाले. आम्ही केला नाही. पितृपक्ष लागत होता. घटस्थापना होऊ दे, मग बघू, असं घरात ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होते, हे इथे लिहून ठेवते.

पांढरा ठिपका. एमआरआयमध्ये एक खास प्रकार असतो, त्यात मेंदूतल्या पाण्याची हालचाल टिपतात. रक्त न मिळालेल्या पेशी फुगतात, पाणी अडकतं, आणि तेवढी जागा पांढरी चमकते. लक्षणं पूर्ण निघून गेलेल्या माणसांतही साधारण तिघांत एकाच्या मेंदूत असा ठिपका सापडतो. तो काही मिनिटांत उमटू शकतो आणि दहा ते चौदा दिवसांत विझतो. खूप लहान असेल तर मागे डागही ठेवत नाही. माझा एमआरआय सव्विसाव्या दिवशी झाला. चित्र स्वच्छ होतं.

म्हणजे ठिपका नव्हताच की होता आणि गेला, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. माझ्या सगळ्या हरवलेल्या गोष्टींत याचंच मला जास्त वाईट वाटतं. तो माझ्या डोक्यातला कागद होता, आणि आम्ही तो पितरांच्या पंधरवड्यात विझू दिला.

कारण अंगठा पूर्ण परत आला नव्हता. त्या दिवशी परत आल्यासारखा वाटला, पण सगळ्या वस्तूंना तो जणू रुमालातून धरत होता. ओठाचा कोपराही तसाच. चहाचा ओघळ आला तर समोरच्याच्या नजरेवरून कळायचं.

मेंदूच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. पूर्वी घड्याळ बघून ठरवत. चोवीस तासांच्या आत सगळं गेलं तर टीआयए, नाहीतर झटका. 2009 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी व्याख्या बदलली. मेंदूच्या पेशींना इजा झाली की नाही, यावर ठरायला लागलं. तुमचा अंगठा अजून रुमालात आहे, त्या म्हणाल्या, म्हणजे मी याला लहानसा झटकाच धरते, चित्र काही का म्हणेना. मग कागदावर मेंदूची एक कड काढून तिच्यावर त्यांनी माणूस आडवा पसरला. पाय वर माथ्यापाशी, मग धड, हात, बोटं, शेवटी अंगठा, आणि अंगठ्याला लागून चेहरा आणि ओठ. मॉन्ट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रोग्यांच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत, आणि कुठे काय जाणवलं ते विचारून लिहून ठेवत. 1937 साली त्यांनी तो नकाशा छापला. शरीरावर अंगठा आणि ओठ हातभर लांब, मेंदूत सख्खे शेजारी. बोलण्याची जागाही बहुतेकांची डावीकडेच, तिथून फार दूर नाही. अंगठा, ओठ, सुपारी. तिन्ही एकाच वेळी गेल्या, म्हणजे एकाच फांदीत काहीतरी अडकलं होतं. आणि ते कुठूनतरी वाहत आलं होतं. कुठून, ते शोधायचं होतं.

मानेच्या शिरांची सोनोग्राफी झाली. त्या स्वच्छ होत्या.

मानेच्या शिरांचा आणि झटक्याचा संबंध मिलर फिशर या कॅनडाच्या डॉक्टरांनी 1951 साली ठळकपणे मांडला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते, जर्मनांच्या कैदेत काही वर्षं काढून आले होते. मॉन्ट्रियलला माजी सैनिकांच्या इस्पितळात एका रोग्याने त्यांना सांगितलं, की अर्धं अंग जाण्याआधी काही वेळा त्याचा एक डोळा थोडा वेळ आंधळा झाला होता, आणि तोही भलत्याच बाजूचा, लुळ्या अंगाच्या विरुद्ध. डोळा केव्हाच बरा झाला होता. तरी फिशर तिथे थांबले, त्या गेलेल्या आंधळेपणावर विचार करत राहिले, आणि डोळ्याला व मेंदूच्या त्याच बाजूला रक्त पुरवणाऱ्या मानेतल्या शिरेपर्यंत पोचले. रोग्याने सांगितलं नसतं तर? मी ते वाचत असताना मला सारखं त्या रोग्याचंच वाटत होतं. त्याला हे सांगावंसं वाटलं.

भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, इस्त्रीचे कपडे किती. त्याच चौकटीत मी पेन्सिलीने लिहायला लागले. सांगावं कुणाला आणि किती वेळा? ऐकणारे कंटाळतात, आणि आपल्यालाही आपलाच कंटाळा येतो. चौकट कंटाळत नाही.

अंगठा रुमाल.
पाय मुंग्या, दोन्ही.
रात्री 3, धडधड.
शब्द – किसणी.
जिना चढताना दम.
दूध नाही. धडधड, पहाटे.
दुपारी गळून गेले, कारण नाही.

दोन महिन्यांची पानं झाली. दिवाळीनंतर कालनिर्णय खिळ्यावरून काढलं, पिशवीत घातलं आणि डॉक्टरबाईंपुढे ठेवलं. त्यांनी रिपोर्टची फाइल बाजूला केली आणि ते वाचलं. चौकटीन् चौकट. दुधाचे खाडेसुद्धा. मग पेन घेऊन गोल करत गेल्या, काही निळे, काही लाल.

निळे गोल पायांच्या मुंग्यांचे होते. दोन्ही तळव्यांना एकदम मुंग्या मेंदूतल्या एका ठिपक्याने यायच्या नाहीत, असं त्या म्हणाल्या. रक्त तपासलं तर बी-12 फार खाली. मी जन्माची शाकाहारी, आणि नऊ वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेते. या गोळीने बी-12 आणखी उतरतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2006 साली पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासून दाखवलं होतं, की त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी आहे. इतकी घराघरातली गोष्ट, आणि मी तिला झटक्याच्या खात्यावर मांडून बसले होते. एकदा झटका म्हटला, की शिंकसुद्धा त्याच्याच नावावर जाते. इंजेक्शनं घेतली. संक्रांतीनंतर कधीतरी मुंग्या गेल्या. नेमक्या कधी, ते चौकटीत नाही. गेलेलं लिहायचं राहून जातं.

लाल गोल रात्रीच्या धडधडीचे होते. दोन महिन्यांत सहा.

ईसीजी आधीच झाला होता, नॉर्मल. पण ईसीजीची पट्टी म्हणजे दहा सेकंद. चोवीस तासांचं होल्टर लावलं, तेही नॉर्मल. नॉर्मन होल्टर या अमेरिकी माणसाने 1940 च्या दशकात हे यंत्र पहिल्यांदा केलं, तेव्हा ते साधारण 38 किलोंचं होतं, पाठीवर बांधून हिंडायचं. आता पाकिटाएवढं आहे. पण चोवीस तास म्हणजे चोवीसच तास, आणि माझी धडधड दहा-दहा दिवस येत नव्हती. कॅनडात अशाच कारण न सापडलेल्या रोग्यांवर अभ्यास झाला होता, 2014 साली छापून आला. एका गटाला पुन्हा चोवीस तासांचं होल्टर लावलं, तेव्हा शंभरात तिघांचं ठोक्यांचं बिघडलेपण सापडलं. दुसऱ्या गटाला तीस दिवसांचा पट्टा लावला, तेव्हा सोळांचं. बाकी माणसं तशीच, फक्त वाट जास्त पाहिली.

मला चौदा दिवसांचा पॅच चिकटवला. गळ्याच्या डाव्या हाडाखाली, पदराच्या आत. अकराव्या रात्री ते आलं. 2 वाजून 40 मिनिटांपासून 4 वाजून 5 मिनिटांपर्यंत. मी त्या रात्री झोपले होते, मला काही कळलंसुद्धा नाही. रिपोर्टमधली पट्टी डॉक्टरबाईंनी माझ्याकडे वळवली. उभ्या रेघा, आणि कुठल्याही दोन रेघांत सारखं अंतर नाही.

कर्णिका. आमच्या शाळेच्या पुस्तकात हृदयाच्या वरच्या कप्प्याला हा शब्द होता. खालची जवनिका. नातवाच्या पुस्तकात अलिंद आणि निलय आहेत. मला कर्णिकाच आठवली, आणि या वेळी शब्द पहिल्या हाकेला आला. कर्णिका नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसती थरथरते, तिच्या कडेला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते, तिच्यात रक्त रेंगाळतं. तळाशी राहिलेलं दूध विरजतं तशी तिथे गुठळी होते. तिचा कण सुटतो आणि वाहत वर जातो. थायरॉइड वाढलं तरी असं होतं म्हणून तेही तपासलं, ते बरोबर होतं. ॲस्पिरिन अशा गुठळीला पुरत नाही. वेगळी गोळी सुरू झाली, रोज दोन वेळा, न चुकता. अशा औषधाने झटक्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशांनी कमी होते. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं. हिरड्यांतून रक्त आलं तर सांगायचं.

गणपतीतली सुपारी आणि डिसेंबरातली ती पट्टी, यांच्यामध्ये बारा आठवडे गेले.

मनगट. आमचे जुने डॉक्टर होते, आता नाहीत. खोकला असो की खरूज, खुर्चीत बसलं की पहिलं मनगट धरायचे. तीन बोटं, डोळे घड्याळावर, पूर्ण एक मिनिट, आणि त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही. हल्लीच्या दवाखान्यांत बोटाला चिमटा लावतात, आकडा येतो, आकडा लिहितात. ठोके किती ते कळतं, ठोके कसे पडतात ते त्या आकड्यात नसतं. धडधड चालू असताना कुणी मनगट धरलं असतं, तर त्या बोटांखाली नाडी अडखळताना लागली असती. डॉक्टरबाईंनी ह्यांना माझी नाडी बघायला शिकवली. आता रात्री मी नुसती कूस बदलली तरी ह्यांचा हात अंधारात मनगट शोधत येतो. एक मिनिट धरतात. काही बोलत नाहीत.

बाथरूमची कडी. आता लावत नाही.

एकटीने एसटीने जाणं.

भाजीतलं मीठ. चिमटीने घालायचे, आता चमच्याने घालते, तरी कधी कमी पडतं, कधी जास्त. पूर्वी हे पहिल्या घासाला सांगायचे. आता कसंही झालं तरी मुकाट जेवतात.

थकवा. बी-12 भरलं, ठोके आवरले, झोप लागते, तरी दुपारी तीनच्या सुमारास अंगातून कुणीतरी दोरी काढून घेतल्यासारखं होतं. मेथी निवडायला घेतलेली असते, ती तशीच पुढ्यात. याचं कारण सापडलेलं नाही. 2025 साली डेन्मार्कमधून एक अभ्यास आला. अशी झुळूक येऊन गेल्यावर वर्षभरानेही निम्म्याहून अधिक जणांनी थकवा सांगितला होता. लेकीने फोनवर वाचून दाखवलं. मी तिला परत एकदा वाचायला लावलं. तेवढी माणसं परक्या मुलुखात आपापल्या दुपारी अशीच बसून असतील, आणि त्यांनाही घरचे म्हणत असतील, गेलं ना ते आता.

शब्द अजून अडतात. पण आता मी थांबते आणि वस्तूकडे बोट करते. सून वाट बघते. ती माझ्या तोंडातला शब्द पटकन पुरवत नाही, हे तिचं माझ्यावर मोठं प्रेम आहे.

वाटी. फिजिओथेरपीची मुलगी यायची, तिने शिकवलं. वाटीत साबुदाणा, मूग, मोहरी, खसखस एकत्र करायची, डोळे मिटायचे, चिमटीत एक दाणा धरायचा आणि ओळखायचं. पहिले कित्येक दिवस चिमटीत दाणा आहे की नाही, हेच कळेना. डोळे उघडून बघावं तर कधी असायचा, कधी केव्हाच सांडलेला. साबुदाणा आधी कळला, अडीच महिन्यांनी. मुगाची लांबट कड त्यानंतर. मेंदूचा शेजारचा भाग हे काम थोडं थोडं शिकतो, असं ती म्हणायची. ती यायची बंद झाली, वाटी चालू आहे. सकाळचा चहा झाला की बसते.

यंदा गौरीची पावलं सुनेने काढली. सातव्या पावलाची बोटं तिने माझ्यासाठी ठेवली होती. जाड आली. पाचही आली.

वर्ष संपलं की जुनं कालनिर्णय रद्दीत जातं. ते एक मी ठेवलंय, रिपोर्टच्या फाइलमध्ये घडी करून. नवं त्याच खिळ्यावर आहे.

आजच्या चौकटीत – दूध एक लिटर. धडधड नाही. मोहरी कळली. खसखस नाही.